थोरल्या सरांचं स्टूल

...आणि चौथा खिळा वाकडाच होता. चामड्याचा तुकडा अर्ध्या तळहाताएवढा, कडेने काळवंडलेला, स्टुलाच्या आखूड पायाखाली चार बारक्या खिळ्यांनी ठोकलेला — तीन खिळे सरळ आणि हा एक वाकडा, कारण तो ठोकताना समोर बसलेल्या मुलाने मध्येच काहीतरी विचारलं होतं आणि ठोकणाऱ्याने मान वर करून उत्तर दिलं होतं... काय विचारलं होतं ते मात्र त्याला आता आठवेना. स्टूल पांढऱ्या कापडावर उताणं पडलं होतं, चारही पाय छताकडे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याने ते असं उघडं पाहिलं नव्हतं. जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या बाई भिंग घेऊन त्याच्यावर वाकल्या होत्या. त्यांना मुद्दाम बाहेरून बोलावलं होतं, कारण विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि स्टूल आता काचेच्या पेटीत जाणार होतं.

"सर," भिंगातून नजर न काढता बाई म्हणाल्या, "तुमच्या थोरल्या सरांचा पाय एवढासा होता का हो?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. "टाचेकडचा भाग असेल," तो म्हणाला — वारसा दालनाचा प्रमुख, इतिहासाचा प्राध्यापक, वय सत्तावन्न, आणि आवाज तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलाचा.

"टाचच आहे. पण सात-आठ वर्षांच्या पोराची." बाईंनी भिंग पुसलं. "असो. मला पेटीवरच्या पाटीत माहितीचा आधार द्यावा लागतो. तुमच्या लेखाखाली टीप आहे, 'वाचनालयातील एका जुन्या कर्मचाऱ्याच्या आठवणीवरून'. कुलगुरू म्हणाले, ते कर्मचारी म्हणजे तुमचे वडीलच. मग आज तीन वाजता त्यांना घेऊनच या ना. दहा मिनिटं कॅमेऱ्यासमोर बोलतील, आपलं काम झालं."

तो हो म्हणाला. नाही म्हणायला कारण लागतं आणि त्याच्याकडे होतं ते एकच.

विद्यापीठ तसं चिमुकलंच. चार इमारती, एक वाचनालय, एक फाटक, चाळीसेक शिक्षक. सकाळी वर्गात कुणाला शिंक आली तर संध्याकाळी कुलसचिव भेटल्यावर विचारणार, सर्दी बरी आहे ना. मोठ्या विद्यापीठांतले लोक चेष्टेने म्हणत, तुमच्याकडे समारंभाला पदव्या कमी आणि हार जास्त. मग अशा ठिकाणाने मिरवायचं तरी काय? साधेपणा. संस्थापकांना सगळे थोरले सर म्हणत, आणि हे थोरले सर म्हणे खुर्ची नाकारून वाचनालयाच्या दाराशी एका लाकडी स्टुलावर बसत, येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने हाक मारत, आणि स्टुलाचा एक पाय आखूड पडला तेव्हा त्यांनी नवं न मागवता आपल्याच वहाणेचा तुकडा कापून स्वतःच्या हाताने खाली ठोकला. ही गोष्ट इथल्या भिंतींनाही पाठ होती. स्टूल पदवीच्या कागदावर छापलेलं होतं. नवा शिक्षक पहिल्या तासाला जाण्याआधी त्यावर मिनिटभर गप्प बसून राही, त्याला 'बैठक' म्हणत, आणि एरवी देवालाही पुरावा मागणारे पदार्थविज्ञानाचे लोक बैठक मात्र चुकवत नसत. मागच्या वर्षी एक तरुण शिक्षिका बसल्या बसल्या रडली. तिला पाण्याचा पेला त्यानेच नेऊन दिला होता.

आणि थोरले सर होऊन गेले एवढं सोडलं तर त्यातला शब्दन् शब्द त्याने रचलेला होता. स्टूल त्याच्या वडिलांचं. वाचनालयाच्या दाराशी सदतीस वर्षं शिपाई होते ते. पिशव्या ठेवून घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, ओरडणाऱ्या पोरांना डोळ्यांनी गप्प करायचं. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत ते वडील. वहाण त्याची, तिसरीतली. शाळा सुटली की तो वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसायचा, वडिलांची पाळी संपेपर्यंत, आणि एका दुपारी, 'पोराचा पाय वाढला, वहाण राहिली, वाया कशाला घालवायची' असं स्वतःशीच पुटपुटत वडिलांनी ती कापली. थोरल्या सरांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

वडिलांना आणायला तो घरी निघाला तो पायीच. गाडी काढली असती तर लवकर पोचला असता, आणि लवकर पोचणं हेच नको होतं. फाटकाबाहेर रस्ता खणलेला होता, नळ घालत होते, मातीच्या ढिगावर एक बाई मूल मांडीवर घेऊन निवांत बसली होती. तिच्याकडे पाहता पाहता त्याला तो दिवस पुन्हा दिसला — पंचवीस वर्षांपूर्वीचा, पन्नासाव्या वर्षाच्या सोहळ्याआधी साफसफाई निघाली होती, वाचनालयाच्या तळघरातलं मोडकंतोडकं सामान अंगणात काढलं होतं आणि चार-पाच शिक्षक, सगळे बाहेरून नुकतेच आलेले, चहाचे कप हातात घेऊन गंमत बघत उभे होते, त्यात तोही, नवा, इस्त्रीचा शर्ट, वर्गात कुणी प्रश्न विचारला तर अजून गडबडून जाण्याचे दिवस. "हे कुणाचं दळभद्री सिंहासन?" एकाने विचारलं. दुसऱ्याने पायाने ते उलटं केलं. "अरे, हे बघा, चप्पल ठोकलीय खाली. काय पण कारागीर." सगळे हसले... आणि तो? तोही हसला. मोठ्याने नाही, पण हसला. ते हसू त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मग विभागप्रमुख त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर इथलेच विद्यार्थी. तुम्हाला ठाऊक असेल, कुणाचं हे?"

"थोरल्या सरांचं."

असं कसं बाहेर पडलं कोण जाणे. तोंड उघडलं तेव्हा तिथे दुसराच शब्द होता, अगदी जिभेवर होता, आणि बाहेर आला तो हा. हसणं तिथल्या तिथे थांबलं. ज्याने पायाने उलटं केलं होतं त्याने वाकून हातांनी सरळ केलं, वर रुमालाने पुसलं. विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "स्मरणिकेत लिहा यावर," ते म्हणाले, "आपल्या पोरांना कळू दे कुठल्या मातीतून आलोय आपण." मग काय, खोटं बोल पण रेटून बोल. त्याने चार पानं लिहिली. त्या चार पानांत थोरल्या सरांच्या तोंडी त्याने एक वाक्यही घातलं, 'खुर्चीत बसलं की माणूस दिसेनासा होतो', आणि ते इतकं लागू पडलं की पुढे प्रवेशद्वारावर कोरलं गेलं. लेखाखाली ती टीप टाकली — जुन्या कर्मचाऱ्याची आठवण. तेव्हा आपल्या हुशारीचं त्याला कौतुकच वाटलं होतं.

मी ते वाचवलं, असं तो पुढे स्वतःला सांगत आला. नाहीतर त्या दिवशी त्याची लाकडं झाली असती. कुणाच्या का नावाने होईना, बाबांचं स्टूल राहिलं, माणसं त्याच्यापुढे मान झुकवतात, एक प्रकारे हा बाबांचाच मान... हे समर्थन त्याने इतकं वापरलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं, आणि आज त्या बाईंनी भिंग लावल्यावर ते हातातून निसटलंच. वाचवायचंच होतं तर 'माझ्या वडिलांचं आहे, मी घरी नेतो' एवढं म्हणून भागलं असतं. काखोटीला मारून नेलं असतं, कुणी अडवलं नसतं. पण ते म्हणायचं म्हणजे त्या चार हसणाऱ्या माणसांपुढे चपलेच्या तुकड्याशी आपलं नातं सांगायचं. मला ते जमलं नाही. मला वडिलांची लाज वाटली, बस्स, एवढंच आहे ते, त्याला कितीही पानं जोडली तरी एवढंच.

आणि वडिलांना ते आधीपासून ठाऊक होतं, हे तर त्याहून वाईट. त्याच्या नेमणुकीचं पत्र आलं त्या महिन्यात वडिलांनी, दोन वर्षं नोकरी बाकी असताना, गुडघ्याचं कारण काढून राजीनामा दिला. गुडघे तेव्हा ठणठणीत होते. मुलगा ज्या दारातून प्राध्यापक म्हणून आत जाणार त्या दाराशी बाप पिशव्या सांभाळत बसलेला नको, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यानेही 'कशाला सोडता बाबा' असं एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित राहिले असते, म्हणून दुसऱ्यांदा म्हटलं नाही. तेव्हापासून सत्तावीस वर्षांत वडिलांनी विद्यापीठात पाऊल टाकलं नव्हतं. कार्यक्रमाचं बोलावणं आलं की गुडघा दुखायचा.

घरी पोचला तर वडील तयार होऊन बसलेले. पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत, हनुवटीला एक बारीकशी कापल्याची खूण. बायकोने सांगून ठेवलं होतं.

"फोन आल्यापासून तीनदा शर्ट बदलून झाला," ती हसत म्हणाली. "नवरदेव बरे."

"तुझ्या नवऱ्याची इज्जत आहे तिथे," वडील म्हणाले. "मळका कसा जाऊ?"

ती आत गेली. तो समोरच्या खुर्चीवर टेकला. आता सांगायला हवं होतं. एक तर 'बाबा, मी खोटं लिहिलंय, तुम्ही खरं सांगा', नाहीतर 'बाबा, मी खोटं लिहिलंय, तुम्हीही तेच सांगा'. तिसरा रस्ताच नव्हता, आणि तो मात्र तिसराच शोधत बसला होता. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्याची जुनी खोड.

"स्टुलाविषयी विचारतील," शेवटी तो म्हणाला.

"बरं."

"दाराशी होतं ते."

"हो, कळलं."

"आठवेल तसं सांगा. फार नाही विचारणार."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि उठताना त्याच्या खांद्याचा आधार घेतला. "चल," ते म्हणाले, "उशीर नको. मोठी माणसं ताटकळतील."

दालनात कुलगुरू होते, बाई होत्या, कॅमेरावाला होता. स्टूल आता सरळ उभं केलेलं, वर दिव्याचा झोत. कुलगुरूंनी पुढे होऊन वडिलांचा हात हातात घेतला, आमचं भाग्य वगैरे म्हणाले. वडिलांनी हात लगेच सोडवून घेतला. ते स्टुलाजवळ गेले. आणि मग एक गोष्ट झाली जी बहुधा त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही — वडिलांनी दाराकडे तोंड केलं, पाठ स्टुलाकडे वळली, उजवा हात मागे गेला, गुडघे किंचित वाकले... सदतीस वर्षांचं अंग, ते विसरत नाही. बसा, बाबा. बसा आता, म्हणजे मला काही बोलावंच लागणार नाही. पण वडील अर्ध्यावर सावरले, सरळ झाले आणि दोन पावलं बाजूला सरकून हात मागे बांधून उभे राहिले.

"आजोबा, हे ओळखलंत?" बाईंनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं. थोरल्या सरांचं हे."

"तुम्ही स्वतः पाहिलंत त्यांना यावर बसलेलं?"

"रोज. मी लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. ते सकाळी यायचे, दाराशी बसायचे, आल्या-गेल्याला नावाने हाक मारायचे. आम्ही म्हणायचो, सर, खुर्ची आणू का? तर म्हणायचे, नको रे, खुर्चीत बसलं की माणूस दिसेनासा होतो."

हे वाक्य वडिलांना कुठून... स्मरणिका त्याने कधी घरी आणली नव्हती.

"आणि हा तुकडा? हा लहान मुलाच्या वहाणेचा दिसतो. लेखात तर त्यांच्या स्वतःच्या वहाणेचा आहे असं आहे."

बाई आपल्या कामात चोख होत्या, त्यांचं काही चुकत नव्हतं. दालनातला पंखा घरघरत होता. आता संपलं, त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात भीतीइतकंच आणखीही काहीतरी होतं, दाढ उपटली जाण्याआधी वाटतं तसं.

"सरांनी लिहिलंय ते बरोबरच आहे," वडील म्हणाले. सर म्हणजे तो. वडिलांनी त्याला सर म्हटलं. "वहाण त्यांच्या घरचीच, पण नातवाची. पोराचा पाय वाढला होता, वहाण राहिली होती. वाया कशाला घालवायची म्हणाले. इथेच बसून कापली. पोरगं समोर पायरीवर बसलेलं. फार गुणी पोरगं, दिवसभर पुस्तकात डोकं. त्याने मध्येच काहीतरी विचारलं म्हणून सरांनी वर बघितलं आणि हा एक खिळा वाकडा गेला. नंतर सरळ नाही केला. असू दे म्हणाले."

कुलगुरूंचे डोळे पाणावले. बाई भराभर लिहून घेत होत्या. असा तपशील त्यांना कागदोपत्री कुठे मिळणार? आणि तो, ते गुणी पोरगं, भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचं बालपण त्याच्यासमोर उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलं जात होतं, एक एक वस्तू, नीट, काही सांडू न देता. तो 'थांबा' म्हणू शकला असता. पण कुठल्या तोंडाने? मुळात ते घर त्यानेच रिकामं करून ठेवलं होतं, वडील फक्त उरलंसुरलं पोचतं करत होते.

"शेवटचं विचारते," बाई म्हणाल्या. "थोरले सर इथे बसायचे. मग तुम्ही कुठे बसायचात?"

वडिलांना हा प्रश्न बहुधा अपेक्षित नव्हता. ते क्षणभर स्टुलाकडे, मग दाराकडे बघत राहिले.

"मी?" ते म्हणाले. "मी उभा असायचो."

कॅमेरा बंद झाला. कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या, मग कॅमेरावाल्यानेही. बाई त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, पाटी उद्या दुपारी कोरायला जाईल, काही बदल असतील तर त्याआधी फोन करा. त्याने मान हलवली. त्या क्षणी त्याला काय वाटलं? हे तरी खरं सांगायला हवं. हायसं वाटलं. सगळ्यात आधी, इतर काही वाटायच्या आधी, हायसं वाटलं... सुटलो. आणि लगेच दुसऱ्या श्वासाला त्या हायसं वाटण्याचीच इतकी शरम वाटली की वडिलांकडे बघवेना.

फाटकापर्यंत दोघं चालत आले. वडील हळू चालत होते, मध्येच थांबून इमारतीकडे बघत होते. या खिडक्या नव्या केल्या वाटतं, इथे एक झाड होतं. फाटकाशी ते थांबले आणि निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं,

"बरोबर बोललो ना?"

"हो, बाबा."

"ते खुर्चीचं वाक्य जरा मागेपुढे झालं असेल. पाठ होतं एके काळी."

"तुम्ही लेख कधी वाचलात?"

"छापून आला त्याच आठवड्यात. ग्रंथपालांनी घरी आणून दिला होता. चांगलं लिहिलंयस. वहाणेचं तर फारच." त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "मला वाटायचं, एक दिवस विचारशील मला. मग वाटलं, विचारून तरी तू काय करणार."

म्हणजे पंचवीस वर्षं. पंचवीस वर्षं एका घरात, एका टेबलावर जेवताना, त्याच्या सत्काराचे फोटो भिंतीला लावताना, नातीला शाळेत 'आमचा वारसा' हा निबंध लिहून देताना — वडिलांना ठाऊक होतं. तो ज्याला लपवणं समजत होता ते लपवणं नव्हतंच. झाकल्या मुठीत काय आहे ते समोरच्याने कधीच पाहिलं होतं आणि वरून आपलाही हात ठेवला होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माफ करा हा शब्द त्यांच्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे. तो तोंडात आला तर परका वाटला. "पाय दुखतात का?" त्याने विचारलं. "नाही रे," वडील म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे रिक्षा दिसते का ते पाहू लागले.

उद्या दुपारपर्यंत वेळ होता. बाईंना फोन करायचा आणि एकच वाक्य सांगायचं, हे माझ्या वडिलांचं स्टूल आहे. पाच शब्द. तेवढ्याने काय काय कोसळेल ते त्याला दिसत होतं: प्रवेशद्वार, पदव्यांचे कागद, बैठक, ती रडलेली शिक्षिका, आणि आज कॅमेऱ्यासमोर खोटे ठरणारे वडील. त्यांनाही आता त्याने त्यात बांधून टाकलं होतं. खरं बोलायचं तर आधी त्यांना खोटं पाडायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. करीन की नाही करीन, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली की हे वाक्य आयुष्यात त्याने एकदाही उच्चारलेलं नाही, कुणापुढेच नाही, तेव्हा निदान म्हणता येतं का ते तरी पाहावं. वडिलांच्या शेजारी उभा राहून तो ते मनातल्या मनात म्हणू लागला. पहिले दोन शब्द ठीक गेले. तिसऱ्याशी आवाज खाली गेला. मनातल्या मनात, जिथे ऐकणारं कुणी नव्हतं, तिथेही 'वडिलांचं' म्हणताना तो आजूबाजूला पाहून, दबकून म्हणत होता. त्याने पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. पुन्हा तिथेच तसंच झालं.